बराकीचा क्रमांक आणि बेघर रोग्याचा पत्ता

उल्हासनगराच्या इतिहासांत दुसऱ्या महायुद्धांतील कल्याणचा लष्करी तळ, इ. स. १९४७ ची फाळणी व सिंधी निर्वासितांचें आगमन यांचा उल्लेख नेहमीं होतो. शहाड स्टेशनापासून जवळच या वसाहतीचा पहिला कँप लागतो. तेथील एका दुर्लक्षित साधनाकडे, म्हणजे बराकीच्या क्रमांकाकडे, प्रस्तुत टिपणांत आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

युद्धानंतर ओस पडलेल्या बराकींत निर्वासित उतरले. घरें सिंधमध्यें राहिलीं; परंतु येथें कँप, बराक व खोली असा तिहेरी ठावठिकाणा त्यांस मिळाला. ता. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें कोनशिला बसून उल्हासनगर हें नांव रूढ झालें; तरी बराकीचे आंकडे तेथील पत्त्यांत आजहि आढळतात. बराकींतलें जिणें सुखाचें होतें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु सरकारनें त्या बेघरांस पत्ता मागितला नाहीं, पत्ता दिला, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते.

ज्यांस असा क्रमांक लाभला नाहीं त्यांची स्थिति निराळी आहे. इ. स. २०११ च्या जनगणनेंत ता. २८ फेब्रुवारीच्या रात्रीं उघड्यावर निजणाऱ्यांची मोजणी झाली. देशांत सुमारें १७.७ लक्ष व महाराष्ट्रांत सुमारें २.१ लक्ष माणसें बेघर भरलीं. ता. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, तेव्हां आतां अडचण उरली कोठें, असें कोणी विचारील. परंतु महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंतून मोठी शस्त्रक्रिया करावयाची तर शिधापत्रिका किंवा रहिवासाचा दाखला लागतो. क्षयाचें औषध साधारणतः सहा महिने चालवावें लागतें, आणि फलाटावरून उठविलेल्या रोग्याचा माग राहत नाहीं. जखम बांधून घरीं पाठविलें म्हणावें, तर ती कोरडी ठेवण्यास घर नसतें.

पुराव्यावांचून विधान करूं नये हा इतिहाससंशोधकाचा दंडक योग्यच आहे. तोच दंडक रोग्यास लाविला म्हणजे, ज्याचें सर्वस्व गेलें त्याच्याकडेच प्रथम कागद मागितला जातो. रात्रनिवाऱ्याचा किंवा खुद्द रुग्णालयाचा पत्ता अशा रोग्याच्या नांवें लावण्यास हरकत कोणती? शहाडनजीकच्या बराकींनीं या प्रश्नाचें उत्तर पूर्वींच देऊन ठेविलें आहे, असें आमचें मत आहे.