गांजा, नाडी आणि मोजमाप

मळवली स्थानकावरून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, लोहगड आणि विसापूरच्या पायथ्याशी भाजे गाव आहे. गावावरच्या डोंगरातील 22 बौद्ध लेणी इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासून खोदली गेली. पंचशीलातले पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे. नशेने मन बेसावध होते, हे त्यामागचे कारण. हृदयाचा विचार त्यात नव्हता. पुढे कित्येक शतकांनी गांजाची शास्त्रीय चौकशी सुरू झाली, तेव्हाही हृदय बराच काळ मागेच राहिले.

1839 साली कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने गांजाचा अर्क आधी प्राण्यांना आणि मग संधिवात, धनुर्वात अशा विकारांच्या रुग्णांना देऊन त्याचे परिणाम नोंदवले. 1893 मध्ये सरकारने एक आयोग नेमला. त्याने 1,193 साक्षी घेतल्या. मुख्य प्रश्न होता, गांजाने वेड लागते का? वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्यांत 'कारण : गांजा' असे लिहिलेले असे. आयोगाने एकेक नोंद तपासली, तेव्हा पुष्कळ ठिकाणी त्या शब्दाला काहीच आधार नसल्याचे दिसले. नोंद म्हणजे पुरावा नव्हे, हा धडा आजही वर्गात सांगण्याजोगा आहे. मात्र हृदयाचे काय होते, याचे मोजमाप करणे हा त्या चौकशीचा विषयच नव्हता. हृदयाचा नेमका विद्युत् आलेख काढणारे यंत्रही तेव्हा नव्हते. आइन्थोव्हेन यांचे ते यंत्र विसाव्या शतकाच्या आरंभी आले.

अनुभव आणि मोजमाप यांत किती अंतर पडू शकते, हे भाज्याच्या शेजारच्या लोणावळ्याशी जोडलेल्या एका अभ्यासातून दिसते. तेथे 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही संस्था स्थापून योगाचे प्रयोगशाळेत मापन सुरू केले. 1957 मध्ये वेंगर आणि बागची हे शास्त्रज्ञ अमेरिकेहून भारतात आले. त्यांच्या पाहणीत लोणावळ्याचे अभ्यासकही होते. हृदय थांबवण्याचा दावा करणाऱ्यांची तपासणी त्यांनी दिल्लीचे डॉ. आनंद यांच्यासह केली. श्वास रोखून छाती-पोटाचे स्नायू आवळले की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. मनगटाची नाडी लागत नाही, ठोके ऐकू येत नाहीत. पण विद्युत् आलेखात हृदय चालूच दिसले.

गांजाबाबतही असेच घडते. ओढणारा म्हणतो, 'निवांत वाटते.' नाडी वेगळेच सांगते. 1968 साली अमेरिकेत वाइल आणि सहकाऱ्यांनी 9 नवख्या आणि 8 सरावलेल्या व्यक्तींवर प्रयोग केला. तुलनेसाठी नकली सिगरेटही दिल्या. खऱ्या गांजाने दोन्ही गटांत नाडी वाढली. आज आपण जाणतो की ओढल्यावर काही मिनिटांतच ठोके साधारण 20 ते 50 टक्के वाढतात. म्हणजे मिनिटाला 72 ठोके असतील तर ते 86 ते 108 होतात आणि दोन-तीन तास चढे राहू शकतात. रोजच्या सवयीने ही वाढ पुष्कळ कमी होते.

असे का होते? गांजातील टीएचसी हा मुख्य मादक घटक 1964 मध्ये इस्राएलमध्ये मेशुलाम आणि गाओनी यांनी शुद्ध रूपात वेगळा केला. 1988 मध्ये मेंदूत त्याचे ग्राही सापडले. टीएचसी या ग्राहींना चिकटला की हृदयाचा वेग वाढवणाऱ्या अनुकंपी चेतांचा जोर वाढतो आणि वेग आवरणाऱ्या व्हेगस चेतेचा कमी होतो. 2001 मध्ये हे ग्राही अडवणारे औषध आधी देऊन पाहिले, तेव्हा ठोक्यांची वाढ बरीच कमी झाली. रक्तवाहिन्याही सैलावतात. त्यामुळे डोळे लाल होतात आणि एकदम उभे राहिल्यास भोवळ येऊ शकते.

तरुण, निरोगी हृदय हे बहुधा सोसते. ज्याच्या हृदयाच्या रोहिण्या अरुंद झालेल्या आहेत, त्याचे काय? ठोके वाढले की हृदयाच्या स्नायूला प्राणवायू जास्त लागतो आणि नेमक्या त्याच वेळी धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवतो. 1974 साली छातीत कळ येणाऱ्या 10 रुग्णांना एक गांजाची सिगरेट ओढल्यावर व्यायाम करायला लावले. कळ येईपर्यंतचा अवधी 48 टक्क्यांनी घटला. 2001 मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या 3,882 रुग्णांना विचारले. गांजा ओढल्यानंतरच्या पहिल्या तासात झटक्याचा धोका 4.8 पट आढळला. अर्थात त्या तासाभरात ओढलेले रुग्ण फक्त 9 होते, म्हणून हा आकडा जपून वापरावा.

होळीच्या भांगेत घटक तोच असतो, पण पोटातून रक्तात जायला त्याला वेळ लागतो. 'अजून चढली नाही' म्हणून दुसरा पेला घेतला जातो आणि दोन्ही एकदम अंगावर येतात.

शिक्षकांनी सहल भाज्याला नेली तर पायऱ्यांखाली प्रत्येकाने 15 सेकंद नाडी मोजून चारने गुणावे. लेण्यांपाशी पुन्हा मोजावे आणि मग दर दोन मिनिटांनी. चढताना वाढलेले ठोके स्नायूंच्या कामासाठी असतात आणि विसावल्यावर खाली येऊ लागतात. गांजाने वाढलेले ठोके बसल्या जागी, काही काम नसताना वाढलेले असतात. हा फरक स्वतःच्या वहीत आकड्यांनी दिसला, तर 'गांजाने काही होत नाही' असे सांगणाऱ्या मित्राला काय विचारायचे, हे विद्यार्थ्याला कळेल.