स्टीफन्स, फादर थॉमस

(सु. १५४९–१६१९). गोव्यातील इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक व मराठी ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते. जन्म इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात. मायदेशी कॅथलिकांना धर्माचरण अवघड झाल्यावर त्यांनी रोम गाठले आणि १५७५ मध्ये येशूसंघात प्रवेश केला. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघून ते ऑक्टोबरात गोव्यात उतरले आणि अखेरपर्यंत येथेच राहिले.

त्यांची कर्मभूमी गोव्यातील साष्टी (मुंबईलगतचे साष्टी बेट वेगळे). १५४३ मध्ये आदिलशाहीकडून पोर्तुगिजांकडे आलेला हा सरहद्दीचा मुलूख. येथे देवळे पाडली गेली, लोकांची जुनी पुराणे बंद झाली. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले. सहकाऱ्यांचे मृतदेह मिळवण्याचे काम स्टीफन्स यांच्या वाट्याला आले. पुढे पोर्तुगिजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी असोळणे येथे बोलावून मारले. धर्मप्रसारामागचे हे राजबळ दृष्टीआड करून त्यांच्या कार्याचे मोल ठरवता येत नाही.

१५८३ मध्येच भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिनसारखी असल्याचे नोंदवले. भारतीय आणि युरोपीय भाषांचे साम्य टिपणाऱ्या आरंभीच्या निरीक्षणांत ते मोडते. १५८३–८४ मध्ये गोव्यात कैदेत पडलेल्या राल्फ फिच आदी इंग्रज व्यापाऱ्यांच्या सुटकेसाठीही त्यांनी खटपट केली.

‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथे १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत : पहिल्यात विश्वोत्पत्तीपासूनची बायबलकथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. जुनी पुराणे बंद केली, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे का देत नाही, असा प्रश्न ग्रंथारंभीच एक ब्राह्मण करतो. या रचनेचे खरे कारण तिथे सापडते. पुराण हिरावलेल्या श्रोत्यांना स्टीफन्स यांनी त्यांच्याच ओवीत, स्वर्गाला वैकुंठ म्हणत, नवे पुराण दिले. त्यात त्यांनी केलेली मराठीची स्तुती उपचाराची वाटत नाही. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाची ओवी परदेशात जन्मलेल्या कवीने इतकी आत्मसात केल्याची उदाहरणे मराठीत विरळा.

कोकणीतील त्यांची ‘दौत्रिन क्रिस्तां’ ही प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये आणि व्याकरण १६४० मध्ये, दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. पुराणाच्या १६४९ व १६५४ मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या. १९०७ मध्ये जे. एल. सालढाणा यांनी मंगळूरहून ते रोमन लिपीत संपादित केले. पुढे जस्टिन ॲबट यांना लंडनच्या मार्सडेन संग्रहात अधिक संस्कृतप्रचुर अशी देवनागरी प्रत आढळली. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली.