विश्रांतीच्या दिवसाचे भांडे: ॲपलसॉस आणि स्लो कुकरचा इतिहास

१/१८
अमेरिकेत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सफरचंदांचा हंगाम आला की असंख्य घरांत एकच बेत असतो. फळे सोलायची, फोडी करायच्या, स्लो कुकर नावाच्या विजेच्या भांड्यात थोड्या पाण्यासह टाकायच्या, झाकण लावायचे आणि आपापल्या कामाला निघून जायचे. सहा-सात तासांनी परतावे, तो घरभर दालचिनीचा वास आणि भांड्यात मऊसूत ॲपलसॉस. या साध्या पाककृतीमागे धर्म, स्थलांतर आणि स्त्रियांच्या वेळेचा मोठा इतिहास दडलेला आहे. त्याविषयी हा थ्रेड.

२/१८
ॲपलसॉस म्हणजे सफरचंदाचा शिजवून घोटलेला गर. नावात सॉस असला तरी टोमॅटो सॉसशी त्याचे नाते नाही, आणि मुरांब्यासारखा साखरेचा पाकही त्यात नसतो. तो मांसाबरोबर वाढला जातो, बटाट्याच्या धिरड्यांबरोबर खाल्ला जातो आणि तान्ह्या मुलांच्या पहिल्या घासांतही असतो. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा ॲल्युमिनियमच्या नळीतून त्यांनी खाल्लेला पदार्थही ॲपलसॉसच होता.

३/१८
हा पदार्थ अमेरिकेहून जुना आहे. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांनी साधारण १३९० च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘द फॉर्म ऑफ क्युरी’ या पाककृतिसंग्रहात ‘ॲपलमॉय’ आढळतो. सफरचंदे पाण्यात उकडायची, गाळणीतून गर काढायचा आणि त्यात बदामाचे दूध, मध, तांदळाची पिठी, केशर घालायचे. पदार्थ राजाच्या पंक्तीतला. परंतु त्याचा पाया आजच्याच पाककृतीचा आहे: फळ, पाणी आणि उष्णता.

४/१८
सफरचंदाचे मूळही अमेरिकेत नाही. मध्य आशियातील तिआनशान पर्वताच्या उतारांवर, आजच्या कझाकस्तानात, त्याच्या रानटी पूर्वजांची जंगले आहेत. तेथून व्यापारी मार्गांनी हे फळ पश्चिमेकडे गेले आणि सतराव्या शतकात युरोपीय वसाहतवाद्यांबरोबर उत्तर अमेरिकेत पोहोचले. तेथे ते फोफावले. पण पीक एकदम हाती येई आणि हिवाळा लांब असे. फळ टिकवणे ही हौस नव्हती, ती निकड होती.

५/१८
या निकडीतून पेन्सिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांनी ॲपल बटर आपलेसे केले. त्यात लोणी नसते. सफरचंदाचा गर आटवून आटवून तपकिरी, दाट केला की त्याला हे नाव. आदल्या संध्याकाळी शेजारीपाजारी जमून फोडी करीत. दुसऱ्या दिवशी अंगणात मोठी तांब्याची कढई चढे आणि लांब दांड्याच्या लाकडी उलथण्याने ती दिवसभर ढवळली जाई. आमरस आटवणाऱ्या कोकणातील घरांना हे दृश्य परके वाटणार नाही.

६/१८
दिवसभर ढवळण्यामागे भौतिकशास्त्र होते. पातळ द्रव तापला की तळाचा गरम भाग वर येतो, वरचा गार भाग खाली जातो आणि उष्णता आपोआप पसरते. गर जसजसा दाट होतो तसतसे हे अभिसरण मंदावते. तळाशी अडकलेला थर तापतच राहतो, त्यातील साखर जळते आणि गर बुडाला लागतो. एकदा करपल्याचा वास सुटला की अख्खी कढई वाया. म्हणून कोणीतरी सतत चुलीपाशी उभे राहणे अपरिहार्य होते.

७/१८
एकोणिसाव्या शतकातील यंत्रांनी या कामाची दोन्ही टोके हलकी केली. १८०३ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील मोझेस कोट्स यांना सफरचंद सोलण्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले. १८५८ मध्ये जॉन लँडिस मेसन यांनी फिरकीच्या झाकणाच्या बरणीचे पेटंट घेतले आणि साठवण सोपी झाली. सोलणे यंत्राकडे गेले, टिकवणे बरणीकडे गेले. मधला काळ मात्र तसाच राहिला. चुलीपाशी उभे राहण्याला पर्याय नव्हता, आणि रोजच्या स्वयंपाकघरात ती उभी राहणारी व्यक्ती बहुधा स्त्रीच असे.

८/१८
या मधल्या काळावरचा तोडगा सफरचंदाच्या बागेतून आला नाही. तो आला पूर्व युरोपातील ज्यू वस्त्यांतून, आणि तोही एका धार्मिक निर्बंधामुळे. ज्यू धर्मात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शब्बाथ पाळला जातो. या काळात काम वर्ज्य, अग्नी पेटवणे वर्ज्य आणि स्वयंपाकही वर्ज्य. महाराष्ट्राला ही प्रथा अनोळखी नाही. कोकणात तेलाचा व्यवसाय करणारे मराठीभाषक बेने इस्रायली शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणूनच त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले जाई.

९/१८
अग्नी पेटवायचा नाही. पण शनिवारी दुपारी घरात गरम जेवण तर हवे. या पेचातून ‘चोलंट’ जन्मला. घेवड्यासारख्या शेंगांचे दाणे, बार्ली, बटाटे आणि जमेल तसे मांस एका भांड्यात भरायचे आणि शुक्रवारी सूर्यास्तापूर्वीच मंद उष्णतेवर ठेवून द्यायचे. रात्रभर कोणी ढवळायचे नाही, जाळ वाढवायचा नाही. जे काही शिजायचे ते आधीच दिलेल्या उष्णतेवर, आपले आपण शिजायचे.

१०/१८
अनेक घरांत रात्रभर धग धरणारी चूल नसे. तेव्हा गावातील बेकरीचा उपयोग होई. शुक्रवारचे पाव भाजून झाले की भट्टीचा जाळ ओसरत जाई, पण तिच्या भिंती तापलेल्याच राहत. घरोघरची भांडी त्या भट्टीत ठेवली जात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी नेली जात. उष्णता एका बाजूने नव्हे, तर चहूबाजूंच्या भिंतींतून येई. शिवाय ती हळूहळू उतरत जाई. त्यामुळे पंधरा-सोळा तास न ढवळताही अन्न जळत नसे.

११/१८
लिथुआनियातील अशाच एका वस्तीतील मुलगी शुक्रवारी आईने भरलेले भांडे बेकरीत पोहोचवीत असे. पुढे ती अमेरिकेत आली आणि हा प्रसंग तिने आपल्या मुलाला सांगितला, अशी त्या कुटुंबाची आठवण आहे. तो मुलगा म्हणजे अर्व्हिंग नाखुमसोन. १९०२ मध्ये न्यू जर्सीत जन्मलेल्या अर्व्हिंगने पत्रद्वारा विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, शिकागोच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत नोकरी केली आणि पुढे स्वतंत्र संशोधक म्हणून अनेक पेटंटे मिळवली.

१२/१८
१९३६ मध्ये त्याने एका पाकपात्राच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि जानेवारी १९४० मध्ये ते मंजूर झाले. रचना साधी होती: बाहेर एक आवरण, आत अन्नाचे भांडे, आणि उष्णता देणारी तार भांड्याच्या सभोवती. आच केवळ तळाशी नव्हती, ती भिंतींतून येत होती. बेकरीच्या भट्टीचे तत्त्व विजेच्या तारेत उतरले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मन वाटणाऱ्या नावांविषयी संशय होता; १९४५ मध्ये या कुटुंबाने ‘नॅक्सन’ हे आडनाव स्वीकारले.

१३/१८
निगराणीविना शिजवण्याची गरज एकट्या अमेरिकेची नव्हती. त्याआधीच, साधारण १९१० च्या सुमारास, बंगालमध्ये डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी ‘इकमिक कुकर’ तयार केला होता. त्यात खाली कोळशाचे निखारे असत आणि वर एकावर एक रचलेल्या डब्यांत भात, डाळ, भाजी वाफेवर मंदगतीने शिजे. निखारे घातले की माणूस आपल्या कामाला मोकळा. चुलीपाशी उभे राहायला कोणी नसेल तर काय, हा प्रश्न निरनिराळ्या समाजांना पडत होता.

१४/१८
नॅक्सन यांचे भांडे १९५० च्या दशकात ‘बीनरी’ या नावाने विकले जाई. म्हणजे मुख्यतः दाणे शिजवण्याचे साधन. त्याचा फारसा बोलबाला झाला नाही. १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने नॅक्सन यांचा व्यवसाय विकत घेतला, त्यात हे भांडेही आले. कंपनीच्या प्रयोगशील स्वयंपाकघरात त्यात इतर पदार्थ करून पाहिले गेले आणि त्याची क्षमता लक्षात आली. १९७१ मध्ये ते ‘क्रॉक-पॉट’ हे नवे नाव घेऊन बाजारात उतरले. आतले भांडे वेगळे काढून धुण्याची सोय १९७४ मध्ये झाली.

१५/१८
भांडे तेच होते. बदलला होता काळ. १९५० मध्ये अमेरिकेतील सुमारे ३४ टक्के प्रौढ स्त्रिया नोकरी करीत किंवा शोधीत होत्या. १९७० मध्ये हे प्रमाण ४३ टक्क्यांवर आणि १९८० मध्ये ५१ टक्क्यांच्या वर गेले. स्वयंपाक करणारी बाहेर असतानाही दिवसभर शिजवीत राहणारे भांडे, अशीच क्रॉक-पॉटची जाहिरात होती. १९७५ मध्ये मेबल हॉफमन यांचे ‘क्रॉकरी कुकरी’ हे पाककृतींचे पुस्तक आले आणि तडाखेबंद खपले. मांसाच्या रश्श्यांबरोबर फळेही या भांड्यात शिजू लागली.

१६/१८
ॲपलसॉस या भांड्यात इतका सहज का जमतो? फळाच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन मंद उष्णतेत हळूहळू विरघळते. मॅकिंटॉशसारखे मऊ वाण लवकर विरते, ग्रॅनी स्मिथसारखे टणक वाण वेळ घेते. म्हणून जाणती मंडळी दोन-तीन वाण एकत्र करतात. फळात सुमारे ८५ टक्के पाणीच असल्याने वरून थोडेसे पाणी पुरते. वाफ झाकणाला लागून पुन्हा आत ठिबकते, गर सैल राहतो आणि बुडाला लागत नाही. ॲपल बटर हवे असेल तर झाकण किलते ठेवून वाफ जाऊ द्यावी लागते.

१७/१८
मात्र मोकळा झालेला वेळ नेमका कोणाच्या वाट्याला आला? इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ च्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात दाखवले, की घरगुती यंत्रांनी कष्ट हलके केले तरी गृहिणीचे कामाचे तास त्या प्रमाणात घटले नाहीत. अनेक यंत्रांनी आधी पुरुषांच्या आणि मुलांच्या वाट्याची कामे संपवली. अपेक्षा वाढल्या आणि उरलेले काम एकट्या स्त्रीवर आले. स्लो कुकरलाही हे लागू पडते. सहा तासांची राखण त्याने घेतली. सोलणे, चिरणे, धुणे आणि आज काय शिजवायचे हे आठवणीत ठेवणे तिच्याकडेच राहिले.

१८/१८
हनुक्काच्या सणाला पूर्व युरोपीय वंशाच्या ज्यू घरांत बटाट्याची ‘लाटके’ तळली जातात आणि त्यांच्याबरोबर ॲपलसॉस वाढला जातो. आज तो सॉस अनेकदा चोलंटच्या आठवणीतून घडलेल्या यंत्रातच शिजतो. पण वाटेत यंत्राचा हेतू पालटला. बेकरीच्या भट्टीतले भांडे होते ते आठवड्यातून एक दिवस कोणालाच काम करावे लागू नये म्हणून. विजेचे भांडे विकले गेले ते एकाच व्यक्तीला घरी आणि कचेरीत, दोन्हीकडे काम करता यावे म्हणून. स्वयंपाकघरातील कोणत्याही यंत्राचा इतिहास वाचताना त्याने किती तास वाचवले एवढे पाहणे पुरत नाही. त्या तासांत कोण विसावले, हेही पाहावे लागते.