शरणपूर

शरणपूर : नासिक शहराच्या जुन्या गावठाणाच्या पश्चिमेस इंग्रज मिशनऱ्यांनी वसविलेली ख्रिस्ती वस्ती. अँग्लिकन पंथाच्या ‘चर्च मिशनरी सोसायटी’ने (स्थापना १७९९) ती १८५४–५५ च्या सुमारास स्थापन केली. बायबलच्या जुन्या करारात उल्लेखिलेल्या आश्रयनगरांची कल्पना या नावामागे आहे. विस्ताराने लहान असलेल्या या वस्तीचा संबंध पूर्व आफ्रिकेतील गुलामगिरीच्या निर्मूलनाशी आणि डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या अखेरच्या प्रवासाशी आल्याने तिला विशेष ऐतिहासिक महत्त्व प्राप्त झाले.

स्थापना व ग्रामजीवन : सोसायटीचे नासिकमधील कार्य १८३२ मध्ये सुरू झाले. आरंभीच्या मिशनऱ्यांत चार्ल्स पिनहॉर्न फॅरर हे प्रमुख होते. नासिक हे गोदावरीकाठचे मोठे तीर्थक्षेत्र व वैदिक विद्येचे केंद्र असल्याने तेथे धर्मांतरे थोडी झाली आणि जी झाली, त्यांमुळे संबंधितांपुढे बिकट प्रश्न उभे राहिले. धर्मांतरित व्यक्तीस घर, जात, पाणवठा आणि पुष्कळदा पिढीजात व्यवसाय यांना मुकावे लागे. १८५० च्या एकविसाव्या अधिनियमाने धर्मांतरामुळे वारसाहक्क नष्ट होऊ नये, अशी तरतूद केली. तथापि नित्याच्या व्यवहारातील बहिष्कारावर कायद्याचा उपाय चालत नसे. विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने स्वतंत्र गाव वसविण्याचा मार्ग पतकरला, तो या परिस्थितीत.

प्रार्थनामंदिर, शाळा, अनाथगृह, कर्मशाळा व राहती घरे असे या गावाचे स्वरूप होते. सुतारकाम, लोहारकाम यांसारखे व्यवसाय मुलांना शिकविले जात. भिन्न जातींतून आलेली कुटुंबे येथे शेजारी राहू लागली. अशा मिशन-ग्रामांत एक अंतर्विरोधही होता. ज्याने आश्रय दिला, तोच मिशनरी गावकऱ्यांचा धर्मोपदेशक, शिक्षक, जमिनीचा व्यवस्थापक आणि बहुधा रोजगारदाताही असे. बहिष्कारातून झालेली सुटका दुसऱ्या एका अवलंबित्वास कारणीभूत होई.

आफ्रिकी आश्रित : ब्रिटिशांनी गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बेकायदा ठरविला, परंतु पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून इराणी आखात व अरबस्तानाकडे तो चालूच राहिला. ब्रिटिश आरमाराने अडविलेल्या गलबतांवरील गुलामांपैकी अनेकांना मुंबईत आणून सोडण्यात येई. त्यांत लहान मुलेमुली बऱ्याच असत. अशा मुलांची व्यवस्था १८६० च्या सुमारास शरणपूर येथे करण्यात आली. पूर्वी इथिओपियात कार्य केलेले आणि अम्हारिक भाषेचे अभ्यासक असलेले जर्मन मिशनरी कार्ल व्हिल्हेल्म आयझेनबर्ग यांचा या कार्यात पुढाकार होता. सोडविलेल्या मुलांत याओ जमातीची मुले होती. त्यांना लेखन-वाचन, धर्मशिक्षण व हस्तव्यवसाय शिकविण्यात येत. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना नवी नावे मिळत. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, केरस फॅरर या नावांत नासिकच्या मिशनऱ्यांची आडनावे स्पष्ट दिसतात. मुलांची मूळ नावे मात्र बहुतेक लुप्त झाली.

लिव्हिंग्स्टनची मोहीम : लिव्हिंग्स्टन १८६५ मध्ये मुंबईस आला असता गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांचे साहाय्य त्यास लाभले. शरणपूरच्या नऊ तरुणांस बरोबर घेऊन १८६६ च्या जानेवारीत तो मुंबईहून झांझिबारकडे निघाला. त्यांच्या कामाविषयी त्याने आपल्या रोजनिशीत नाराजी व्यक्त केली आहे. अनेकांनी त्याची साथ सोडली आणि काही वाटेत मृत्यू पावले. तथापि एडवर्ड गार्डनर याने त्याची साथ अखेरपर्यंत केली. १८७२ मध्ये झांझिबारहून पाठविलेल्या पुरवणी तुकडीतून आणखी सहा ‘नासिक बॉइज’ त्यास येऊन मिळाले. जेकब व जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन आणि केरस फॅरर हे त्यांपैकी होत.

१८७३ च्या मेच्या आरंभी चिटाम्बो याच्या गावी (सांप्रतच्या झँबियात) लिव्हिंग्स्टनचे निधन झाले. सुसी व चुमा यांच्या नेतृत्वाखाली सेवकांनी त्याचे हृदय तेथेच झाडाखाली पुरले. जेकब वेनराइटने अंत्यविधीच्या प्रार्थना वाचल्या आणि झाडाच्या खोडावर लेख कोरला. त्यानंतर शव वाळवून ते सुमारे १,६०० किमी. अंतर वाहून १८७४ च्या फेब्रुवारीत किनाऱ्यावर आणण्यात आले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत झालेल्या दफनविधीत शवपेटिकेबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत वेनराइट होता. या प्रवासाची त्याने लिहिलेली दैनंदिनी उपलब्ध असून लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतरच्या घटनांचे ते एक महत्त्वाचे आफ्रिकी साधन मानले जाते. शरणपूरच्या शाळेत मिळालेल्या अक्षरज्ञानाचे हे सर्वांत मोलाचे फलित होय.

आफ्रिकेत पुनर्वसन : फ्रीअरच्या शिष्टाईनंतर ५ जून १८७३ रोजी झांझिबारच्या सुलतानाशी करार होऊन तेथील गुलामांचा बाजार बंद झाला. सोडविलेल्या गुलामांसाठी पूर्व आफ्रिकेतच वसाहत असावी, असे ठरले. प्राइस यांनी १८७५ मध्ये मोंबासानजीक फ्रीअरटाउन वसविले आणि शरणपूरच्या बहुतेक आफ्रिकी रहिवाशांना तेथे नेण्यात आले. त्यामुळे शरणपूरमधील आफ्रिकी आश्रयस्थान संपुष्टात आले. नव्या वसाहतीत शिक्षक, सुतार, लोहार व धर्मोपदेशक म्हणून या ‘बॉम्बे आफ्रिकन्स’चे स्थान मध्यवर्ती होते. तेथील युरोपीय मिशनऱ्यांशी मान व अधिकार या प्रश्नांवरून त्यांचे मतभेद झाले. त्यापूर्वीच १८६४ मध्ये मोंबासास गेलेले विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये धर्मसेवकाची दीक्षा मिळाली. जोन्स यांनी रबाई येथे पळून आलेल्या गुलामांना आश्रय दिला. १ जानेवारी १८८९ रोजी धन्यांना मोबदला देऊन अशा सुमारे चौदाशे जणांची मुक्तता करण्यात आली. आश्रित म्हणून वाढलेली व्यक्ती अशा रीतीने स्वतः आश्रयदाती झाली. मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत हयात होता.

नंतरचा काळ : आफ्रिकी रहिवासी गेल्यावर शरणपूर हे मराठी ख्रिस्ती समाजाचे गाव म्हणून टिकून राहिले. १९२९ मध्ये नासिक हे अँग्लिकन धर्मप्रांताचे केंद्र झाले आणि १९७० मध्ये तेथील अँग्लिकन मंडळ्या ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त समाविष्ट झाल्या. शहराच्या वाढीत ही वस्ती सामावली गेली असून १९८२ मध्ये स्थापन झालेल्या नासिक महानगरपालिकेच्या हद्दीत ती मोडते. सेंट अँड्र्यूज चर्च व शरणपूर रस्ता यांमुळे हे नाव शहरात परिचित आहे. मात्र या रस्त्याच्या नावामागे मुक्त गुलामांचा इतिहास आहे, ही गोष्ट नासिकपेक्षा मोंबासाच्या इतिहासात अधिक नोंदली गेली आहे.