पीजचें दूरचित्रवाणी केंद्र

अहमदाबादेहून बडोद्यास जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवर नडियाद हें गांव लागतें. सरदार वल्लभभाई पटेल यांचें हें जन्मस्थान. या नडियादपासून थोड्याच अंतरावर पीज नांवाचें खेडें आहे. चरोतर म्हणून जो सुपीक टापू गुजराथेंत प्रसिद्ध आहे त्यांतलेंच हें एक गांव. भोंवतीं तंबाखूचीं शेतें, दारांत म्हशी, आणि कित्येक घरांतून कोणी ना कोणी आफ्रिकेस नाहीं तर विलायतेस गेलेला. अशा गांवाचें नांव दूरचित्रवाणीच्या इतिहासांत यावें ही गोष्ट प्रथमदर्शनीं विलक्षण वाटते. परंतु 1975 सालीं येथील प्रक्षेपक सुरू झाला आणि पुढील दहा वर्षांत त्यानें जें काम केलें, तसें मोठमोठ्या शहरांतील केंद्रांकडूनहि क्वचितच झालें असेल.

आपल्या देशांत दूरचित्रवाणी प्रथम अवतरली ती दिल्लीस, 15 सप्टेंबर 1959 रोजीं. तें आकाशवाणीचेंच धाकटें भावंड होतें, आणि प्रारंभीं आठवड्यांतून दोनच दिवस तें बोलत असे. 26 जानेवारी 1967 पासून दिल्लीच्या आसपासच्या 80 खेड्यांतील शेतकऱ्यांसाठीं ‘कृषिदर्शन’ हा कार्यक्रम सुरू झाला खरा, पण एकंदरींत ही करमणूक नागरिकांची, आणि तीहि राजधानीच्या नागरिकांची, असाच तिचा लौकिक राहिला. दुसरें केंद्र निघण्यास तब्बल तेरा वर्षें लागलीं. 2 ऑक्टोबर 1972 रोजीं मुंबई केंद्र सुरू झालें आणि मराठी घरांतून दिवाणखान्यांत ही नवी पेटी येऊन बसली. खेड्याचा विचार कोणाच्या मनांत नव्हता असें नाहीं, परंतु ज्याचा जिव्हाळा कृतींत उतरला असा पुरुष एकच दिसतो, आणि तो म्हणजे डॉ. विक्रम साराभाई. जी वस्तु शहरांत आधीं येते आणि खेड्यांत शेवटीं पोंचते, ती उलट क्रमानें कां येऊं नये, असा त्यांचा सवाल होता. 1971 च्या डिसेंबरांत त्यांचें अकस्मात् देहावसान झालें. पण त्यांनीं आंखलेली योजना त्यांच्या सहकाऱ्यांनीं पार पाडली.

अमेरिकेनें आपला एक उपग्रह एका वर्षापुरता उसना दिला. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या काळांत सहा राज्यांतील सुमारें 2400 खेड्यांत त्याच्या द्वारें चित्रें दाखविण्यांत आलीं. या प्रयोगाची व्यवस्था ज्यांच्याकडे होती ते एकनाथ वसंत चिटणीस हे मूळचे कोल्हापूरचे, ही गोष्ट मराठी वाचकांस कळली तर आनंदच होईल. उपग्रहाचा क्षीण संदेश पकडण्यासाठीं प्रत्येक खेड्यांत कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या जाळीची 10 फूट व्यासाची छत्री उभारावी लागे. खेडीं विखुरलेलीं असतील तेथें हाच उपाय योग्य. पण जेथें गांवाला लागून गांव आहे, तेथें प्रत्येक ठिकाणीं छत्री उभारण्यापेक्षां मध्यभागीं एकच मनोरा उभारावा आणि भोंवतालच्या खेड्यांत साधे संच ठेवावेत, हें स्वस्त पडतें. खेडा जिल्हा दाट वस्तीचा, आणि अहमदाबादेच्या अंतरिक्ष उपयोग केंद्रास जवळचा. म्हणून निवड झाली ती पीजची.

येथील यंत्रणा अगदीं बेताची होती. प्रक्षेपकाची शक्ति एक किलोवॉट. ज्या लहरींवर चित्र जातें त्या बहुतांशीं सरळ रेषेंत धांवतात, पृथ्वीच्या गोलाईबरोबर वळत नाहींत. त्यामुळें मनोऱ्याच्या उंचीस महत्त्व, आणि त्याच्या दृष्टीच्या टप्प्यांत जेवढा मुलूख येईल तेवढेंच त्याचें राज्य. पीजचें राज्य सुमारें 35 किलोमीटरांचें होतें. कार्यक्रम तयार होत ते अहमदाबादच्या स्टुडिओंत, आणि तेथून ते पीजच्या प्रक्षेपकाकडे धाडले जात. जवळजवळ 400 खेड्यांत मिळून 600 हून अधिक सार्वजनिक संच बसविण्यांत आले होते. संच कोठें दूध सोसायटीच्या इमारतींत, कोठें पंचायतींत, कोठें शाळेंत. सायंकाळीं दुधाचीं भांडीं रिकामीं झालीं कीं मंडळी अंगणांत बसत आणि तासभर चित्रें पाहत. कोणाच्या ओसरीवर संच ठेवला असता तर त्या ओसरीवर पाय ठेवण्यास ज्यांना मज्जाव, तीं माणसें वंचितच राहिलीं असतीं. तेव्हां जागेची ही निवड क्षुल्लक नव्हती. अर्धी लढाई तेथेंच होती म्हणाना.

दूध सोसायट्यांचें जाळें तेथें आधींपासून होतें. 1946 सालीं त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकारानें खेडा जिल्ह्याचा दूध उत्पादक संघ निघाला, आणि आणंदचें नांव त्यामुळें देशभर झालें. सोसायटी म्हणजे रोज दोन वेळां सारें गांव जेथें येतें अशी जागा. त्याहून चांगलें सभागृह सरकारास बांधूनहि मिळालें नसतें.

परंतु पीजचें खरें वैशिष्ट्य यंत्रांत नव्हतें. दिल्लीस बसून सबंध देशासाठीं कार्यक्रम काढणाऱ्या माणसास आपला श्रोता कोण हें ठाऊक असणें शक्यच नाहीं. काश्मीरचा मेंढपाळ आणि केरळचा कोळी यांना एकाच वेळीं उपयोगी पडेल असें तो काय सांगणार? त्यानें कितीहि परिश्रम केले तरी अखेर त्याच्या हातून उपदेश तरी होणार किंवा करमणूक तरी. पीजच्या मंडळींपुढें एकच जिल्हा होता. कार्यक्रम काढणाऱ्यांच्या बरोबरीनें समाजशास्त्रज्ञ नेमलेले होते. ते आधीं खेड्यांत जात, लोक काय खातात, काय पेरतात, कोणत्या बाबतींत अडतात याची चौकशी करीत. कार्यक्रम थोडासा तयार झाला कीं तो खेडुतांस दाखवून पाहत, त्यांस कळला नाहीं तर बदलीत, आणि दाखविल्यावर पुन्हां विचारीत. हातांत उचलून नेतां येईल असा लहान कॅमेरा खेड्यांत नेण्यांत येई. संहिता लिहिण्यांत आणि भूमिका करण्यांतहि गांवकऱ्यांचा हात असे. भाषा पुस्तकी गुजराथी नव्हे, चरोतरची बोली.

विषयहि तसेच. जनावरांची निगा, शेती, आरोग्य, प्रौढशिक्षण, कुटुंबनियोजन हे तर होतेच. परंतु ‘चतुर मोटा’ म्हणून एक मालिका होती. मोटा म्हणजे वडीलधारा. हुंड्यासारख्या अनिष्ट रूढींचा समाचार तींत गोष्टीच्या रूपानें घेतला जाई. दुसऱ्या एका कार्यक्रमाचें नांव ‘दाद फरियाद’. या दोन शब्दांचा अर्थ मराठी माणसास सांगण्याची आवश्यकता नाहीं. कचेरींतील अंमलदारांकडून खेडुतांची होणारी पिळवणूक तींत उघड केली जाई. शेतमजुरांस मिळणारी मजुरी, त्यांना मिळणारी वागणूक, हेहि विषय वर्ज्य मानले नव्हते. चरोतरांत पैसेवाले पाटीदार तंबाखूवाले आहेत, आणि त्यांच्या शेतांत राबणारे बारैया, हरिजनहि आहेत; दोघेहि त्याच अंगणांत एकाच पडद्यासमोर बसत. अशा वेळीं मजुरीची गोष्ट काढणें म्हणजे काय हें ज्यानें खेडें पाहिलें आहे त्यासच समजेल. आणि नवल असें कीं हें सारें सरकारी पैशानें, सरकारी प्रक्षेपकावरून चाललें होतें. सरकारच्याच यंत्रानें सरकारच्या अंमलदाराविरुद्ध फिर्याद मांडावी असा प्रकार आपल्याकडे फार वेळां घडलेला नाहीं.

1976 च्या जुलैअखेर उसना उपग्रह परत गेला आणि त्यावर अवलंबून असलेल्या खेड्यांतील छत्र्या एका रात्रींत मुक्या झाल्या. पीजचा मनोरा मात्र जमिनीवर रोवलेला होता. तो चालूच राहिला. त्याच वर्षीं 1 एप्रिल रोजीं दूरचित्रवाणी आकाशवाणीपासून विभक्त होऊन ‘दूरदर्शन’ या नांवानें स्वतंत्र झाली होती. पीजचा प्रक्षेपक दूरदर्शनचा आणि बरेचसे कार्यक्रम अंतरिक्ष केंद्राचे, असा तो दोन घरांचा संसार होता. तरी तो बरीच वर्षें नीट चालला. पुढें युनेस्कोनें ग्रामीण संज्ञापनाच्या या कार्याचा पारितोषिक देऊन गौरवहि केला.

तोंवर दिल्लींत मात्र वारें फिरलें होतें. 15 ऑगस्ट 1982 पासून देशभर एकच राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, चित्रें रंगीत झालीं, नव्या उपग्रहाच्या आधारानें जागोजाग लहान प्रक्षेपक उभे राहूं लागले. 1984 सालीं तर जवळजवळ दिवसास एक या वेगानें ते उभारले गेले. दूरदर्शन खेड्यापर्यंत पोंचलें यांत शंका नाहीं. परंतु पोंचलें तें दिल्लीचें. हे असंख्य प्रक्षेपक वरून आलेलें खालीं देत. त्यांना स्वतःचें कांहीं सांगावयाचें नव्हतें. जाहिरातदारांसहि असाच श्रोतृवर्ग हवा होता, कारण सबंध देशांत खपणाऱ्या साबणाला चरोतरच्या बोलीची काय मातब्बरी? त्या हिशेबानें पाहतां एक किलोवॉटचें, चारशें खेड्यांचें, जाहिराती न मिळवणारें केंद्र हा निव्वळ खर्च होता. हिशेब चुकीचा होता असें नव्हे. मोजमाप करण्याचें मापच निराळें होतें.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यास, मद्रास शहरांत दुसरी वाहिनी काढावयाची म्हणून पीजचा प्रक्षेपक तिकडे हलविण्याचें ठरलें. एका महानगरास दुसरें केंद्र मिळावें म्हणून खेड्यांचें एकुलतें एक केंद्र उचलावयाचें, हा न्याय साराभाईंच्या विचाराच्या नेमका उलट होता. 1918 सालीं ज्या जिल्ह्यानें सारामाफीसाठीं गांधीजींच्या मार्गदर्शनाखालीं सत्याग्रह केला, त्याच जिल्ह्यांतील खेडुतांनीं आतां आपल्या प्रक्षेपकासाठीं निषेधाचा आवाज उठविला. दूरचित्रवाणी जावी म्हणून नव्हे, तर आपली दूरचित्रवाणी राहावी म्हणून शेतकऱ्यांनीं आंदोलन केल्याचें दुसरें उदाहरण सांपडणें कठीण. तथापि नव्वदीच्या दशकाच्या आरंभापर्यंत हा प्रकल्प संपुष्टांत आला.

अहमदाबादच्या अंतरिक्ष केंद्रानें ही पद्धति सर्वस्वीं टाकून मात्र दिली नाहीं. 1996 सालीं मध्यप्रदेशांतील झाबुआ या भिल्लांच्या जिल्ह्यांत 150 ठिकाणीं संच बसवून तसाच एक उपक्रम सुरू झाला, आणि त्यांतील 12 ठिकाणीं गांवकऱ्यांस पडद्यावरील तज्ज्ञांशीं उलट बोलण्याचीहि सोय होती. पीजला ती सोय नव्हती. तेथें खेडुताचें म्हणणें ऐकावयाचें झाल्यास कॅमेरा घेऊन माणसेंच अहमदाबादेहून त्याच्या शेताच्या बांधावर येत.