बालपणाची मोकळीक : काल आणि आज

राजेरजवाडे, लढाया आणि तह यांचा इतिहास आपण आदराने वाचतो. परंतु मुलांच्या खेळांनाही इतिहास असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. समाज आपल्या मुलांकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, हे त्यात स्वच्छ दिसते. म्हणून तो सुज्ञ ज्ञातिबंधुभगिनींपुढे संक्षेपाने मांडीत आहे.

हे खेळ फार जुने आहेत. तुकोबांच्या गाथेत विटूदांडू, टिपरी, हमामा, फुगडी यांवर अभंग आहेत. ते कोणी शिकवीत नसे. थोरल्याकडून धाकट्याने उचलावे, हीच परंपरा. विटीदांडूतील ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ ही मोजणी पाहावी. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या तेलुगू आकड्यांशी तिचे साम्य उघड आहे. कोणत्याही क्रमिक पुस्तकावाचून मराठी मुलांनी ती पिढ्यानपिढ्या मुखोद्गत ठेवली. विटी आपणच तासावी, गल आपणच उकरावी आणि भांडणही आपसांतच मिटवावे, असा शिरस्ता होता. अगदी लहान भावंडाला ‘कच्चा लिंबू’ म्हणून डावात घेत; तो बाद होत नसे. दुर्बलास सांभाळून घेण्याचा हा कायदा मुलांनीच केलेला होता.

मात्र या मोकळिकीचे गोडवे गाताना ती कोणाच्या वाट्याला येई, हेही पाहणे न्यायाचे होईल. १८७३ साली विवाह झाला तेव्हा रमाबाई रानडे अकरा वर्षांच्या होत्या; आनंदीबाई जोशी १८७४ साली अवघ्या नऊ वर्षांच्या. अशा कितीतरी मुलींचे खेळणे सासरच्या उंबरठ्याशी संपे. मग नागपंचमीचा झोका आणि मंगळागौरीचे जागरण एवढीच काय ती मोकळीक. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे विवाहाचे किमान वय चौदा ठरविले. पुढे वाढत वाढत १९७८ साली ते अठरा झाले. कायद्याच्या जोडीला शाळा आली आणि मुलीच्या आयुष्यात बालपण नावाचा काळ वाढला.

दरम्यान खेळांनाही नियमांची शिस्त लागली. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे, तर १९२३ साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने हुतूतूचे नियम बांधले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. कबड्डी १९९० साली आशियाई स्पर्धांत आली, महिलांची कबड्डी २०१० साली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले. ज्यांच्या पणज्यांना अंगणाबाहेर पडण्याची चोरी होती, त्या मुली जगज्जेत्या झाल्या, ही आनंदाचीच गोष्ट होय.

परंतु जमेच्या बाजूस हे मांडताना खर्चाची बाजूही लिहिली पाहिजे. वाड्यांच्या जागी इमारती आल्या, आळीत मोटारी उभ्या राहिल्या. १९७२ साली मुंबईस दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि आता तर पडदा मुलांच्या तळहातावर आला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेस क्रीडांगण आवश्यक ठरविले. तरी शाळा सुटल्यावर मूल शिकवणीस जाते, आणि खेळावयाचे झालेच तर शुल्क भरून, प्रशिक्षकाच्या शिट्टीवर खेळते. पालकांची भीती निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. रहदारी खरोखरच जीवघेणी आहे. पण त्या भीतीपायी मुलांचा स्वतःचा तास नाहीसा झाला. डाव मांडणे, हार सोसणे, रुसलेल्याची समजूत काढणे, या गोष्टी शिट्टीवर शिकता येत नाहीत.

पूर्वी मोकळीक होती, ती बहुशः मुलग्यांना. आज मुलीही मैदानावर आल्या, पण मोकळीक दोघांचीही गेली. पूर्वीचा काळ जसाच्या तसा परत यावा, असे मागणे योग्य नव्हे. त्यातील चांगले तेवढे सर्वांस वाटून द्यावे. आपल्या कार्यालयापुढील व गृहसंस्थांतील मोकळ्या जागेतून सायंकाळी एक तास वाहने हलवावीत. वडीलधाऱ्यांनी लक्ष ठेवावे, पण दुरून. आणि त्या वेळी घरकामासाठी मुलीलाच प्रथम हाक मारू नये. यास वर्गणी लागत नाही, ठरावही लागत नाही. ज्ञातीतील प्रत्येक कुटुंबाने हे मनावर घ्यावे, एवढीच नम्र विनंती.