एकाच संघात खेळून मन बदलतं का? इराकमधला एक अभ्यास

पूर्वग्रह म्हणजे माणूस भेटण्याआधीच, तो कोणत्या समाजाचा आहे एवढ्यावरून त्याच्याबद्दल बनवलेलं मत. तो कमी कसा होतो यावर सामाजिक मानसशास्त्रात बरंच काम झालं आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं की दोन समाज नुसते शेजारी राहून भागत नाही. भेटीच्या जागी दोघांचा दर्जा सारखा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडावी आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा असावा. २००६ मध्ये थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले. बहुतेकांत जिथे मिसळणं जास्त, तिथे पूर्वग्रह कमी दिसला. पण मोकळ्या मनाची माणसं मुळातच जास्त मिसळतात. मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता?

हा पेच सोडवायचा प्रयत्न सलमा मूसा या संशोधिकेनं उत्तर इराकमध्ये केला. ऑगस्ट २०१४ मध्ये आयसिसनं कराकोश हे ख्रिस्ती वस्तीचं शहर घेतलं आणि तिथले लोक घरदार सोडून पळाले. आयसिसनं मुसलमानांनाही सोडलं नव्हतं, तरी ख्रिस्ती लोकांचा मुसलमान शेजाऱ्यांवरचा भरवसा उडाला तो उडालाच. पूर्वग्रहाबद्दल आपण वाचतो ते बहुधा तो सोसणाऱ्याच्या बाजूनं. इथे बहुसंख्य मुसलमान आहेत आणि धास्तावलेला शेजारी ख्रिस्ती आहे. म्हणून तर हा अभ्यास आपल्या घरांत वाचला जावा असं आम्हाला वाटतं.

मूसा यांनी ख्रिस्ती हौशी खेळाडूंच्या फुटबॉल स्पर्धा भरवल्या. प्रत्येक संघाला काही जादा खेळाडू दिले. कोणत्या संघाला मुसलमान मिळतील आणि कोणाला ख्रिस्ती, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. त्यामुळे कोण मुळात किती मोकळ्या मनाचा, हा प्रश्नच उरला नाही.

निकाल २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. मिश्र संघात खेळलेले ख्रिस्ती खेळाडू पुढच्या हंगामातही मिश्र संघासाठी नाव देण्याची शक्यता जास्त होती. खिलाडूवृत्तीच्या बक्षिसासाठी दुसऱ्या संघातल्या मुसलमानाला मत देणारेही त्यांच्यात जास्त निघाले. सहा महिन्यांनंतरही ते मुसलमानांसोबत सराव करताना दिसले.

मैदानाबाहेर मात्र फारसा फरक पडला नाही. मुस्लिमबहुल मोसुलमधल्या हॉटेलात जेवायला जाणं किंवा मिश्र समारंभाला हजर राहणं, यात परिणाम बराच फिका होता. सोबत खेळलेल्या किंवा खेळताना पाहिलेल्या मुलांवर विश्वास बसला, पण अनोळखी मुसलमानापर्यंत तो सहज पोचला नाही.

आम्ही शिक्षक. मुलांना एका बाकावर बसवलं की काम झालं, असं आम्हालाही वाटायचं. पण मैदानावर ऑलपोर्ट यांच्या अटी जुळून आल्या होत्या: सगळे खेळाडूच, जिंकायचं एकत्र, आणि पास दिल्याशिवाय गोल नाही. मोसुलच्या हॉटेलात यातलं काहीच नव्हतं. तिथे होते फक्त अनोळखी चेहरे आणि २०१४ ची आठवण.